स्वादुपिंडजन्य मधुमेह : एक उपेक्षित प्रकार

प्रमेहाचा विचार करताना स्थूल रुग्ण दिसला की 'टाइप २' आणि कृश, तरुण रुग्ण दिसला की 'टाइप १' असे समीकरण आपण पदवी अभ्यासक्रमापासून मांडत आलो आहोत. दैनंदिन व्यवहारात ते बहुतांशी उपयोगी पडते. परंतु या दोन्ही चौकटींत न बसणारा रुग्णांचा एक वर्ग आहे. या वर्गातील मधुमेह हा मूळ व्याधी नसून स्वादुपिंडाच्या दुसऱ्या एखाद्या विकृतीचा परिणाम, म्हणजे आपल्या परिभाषेत उपद्रव, असतो. स्वादुपिंडाचा जीर्ण शोथ, त्यातील अश्मरी, तीव्र शोथानंतर झालेला पेशीनाश, अर्बुद, लोहसंचय, सिस्टिक फायब्रोसिस किंवा शस्त्रकर्माने काढून टाकलेला भाग ही त्याची कारणे होत. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या जुन्या वर्गीकरणात हा गट तिसऱ्या विभागातील 'सी' या उपविभागात येत असे. त्यावरून त्यास 'टाइप ३सी' हे नाव रूढ झाले.

आयुर्वेद चिकित्सकाने या प्रकाराचा स्वतंत्र अभ्यास का करावा, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर सरळ आहे. या रुग्णांपैकी अनेकजण पोटदुखी, अग्निमांद्य, स्निग्ध मलप्रवृत्ती आणि कार्श्य या तक्रारी घेऊन प्रथम आपल्याकडेच येतात. शूल आणि ग्रहणी यांची चिकित्सा वर्षानुवर्षे चालते, मधुमेह मागाहून प्रकट होतो आणि दोहोंचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय या रुग्णावर स्थूल प्रमेहीची अपतर्पण चिकित्सा केली तर तो वेगाने क्षीण होतो, हे पुढे येईलच.

इतिहास

मधुमेहाच्या आधुनिक संशोधनाचा उगमच या प्रकारातून झाला, ही बाब सहसा सांगितली जात नाही. १७८८ साली थॉमस कॉली या इंग्रज वैद्याने मधुमेहाने मृत झालेल्या एका रुग्णाच्या शवविच्छेदनात स्वादुपिंडात खडे आढळल्याची नोंद केली. मधुमेह आणि स्वादुपिंड यांची एकत्र नोंद करणारे हे आरंभीचे उदाहरण होय. १८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स यांनी स्वादुपिंडातील पेशींची बेटे वर्णन केली, परंतु त्यांचे कार्य त्यांना उलगडले नव्हते. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे जोसेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिन्कोव्स्की यांनी श्वानाचे संपूर्ण स्वादुपिंड काढले आणि त्यास तीव्र मधुमेह झाला. प्रयोगशाळेत निर्माण केलेला तो पहिला मधुमेह शस्त्रकर्मजन्य, म्हणजे आजच्या भाषेत 'टाइप ३सी' होता. १९२१ मध्ये टोरंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. त्यांचे प्रयोगही स्वादुपिंड काढलेल्या श्वानांवरच झाले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम देण्यात आले.

असे असूनही पुढील अर्धशतकात 'टाइप १' आणि 'टाइप २' यांच्या संशोधनाचा पसारा इतका वाढला की हा मूळ प्रकार पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात ढकलला गेला.

विकृतीचे स्वरूप

'टाइप १' मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती केवळ इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. 'टाइप २' मध्ये इन्सुलिन असते, पण धातूंवर त्याचा प्रभाव पडत नाही. स्वादुपिंडजन्य मधुमेहात संपूर्ण अवयवच शोथाने व तंतूत्पत्तीने ग्रासला जातो. त्यामुळे पाचक स्राव निर्माण करणारा भाग, बीटा पेशी, ग्लुकागॉन निर्माण करणाऱ्या अल्फा पेशी आणि पॅनक्रियाटिक पॉलिपेप्टाइड स्रवणाऱ्या पेशी या सर्वांची एकत्रित हानी होते.

ग्लुकागॉनचे महत्त्व येथे नीट समजून घेतले पाहिजे. रक्तशर्करा खाली गेली की यकृतातील साठा मोकळा करून ती वर आणणे हे ग्लुकागॉनचे कार्य आहे. ते नसेल तर इन्सुलिनचा किंचित जादा अंश, एखादे चुकलेले जेवण किंवा रिकाम्या पोटी केलेले मद्यपान यांमुळे शर्करा झपाट्याने कोसळते आणि तिला सावरणारे कोणी उरत नाही. दुसरीकडे पॅनक्रियाटिक पॉलिपेप्टाइडच्या अभावामुळे यकृत इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि शर्करा निर्माण करीत राहते. तिसरी बाब पचनाची. आहारातील स्नेह कधी पचतो, कधी तसाच मलावाटे जातो. त्यामुळे जेवणानंतर शर्करा किती वाढेल याचा अंदाज बांधता येत नाही. सकाळी ३०० आणि दुपारी ५० अशी आवर्तने या रुग्णांत दिसतात ती या तिहेरी बिघाडामुळे. रुग्ण पथ्य पाळत नाही असा निष्कर्ष घाईने काढला जातो. पुष्कळदा तो अन्यायाचा असतो.

पाचक स्रावांची राखीव क्षमता मोठी असते. स्वादुपिंडाचा फार मोठा भाग निकामी झाल्यावरच मलात स्नेह उघडपणे दिसू लागतो. म्हणून मल तेलकट नाही एवढ्यावरून स्वादुपिंड निरोगी आहे असे मानता येत नाही. मलातील इलास्टेज या घटकाचे मापन ही सोपी परीक्षा आता मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत उपलब्ध आहे. ते प्रतिग्रॅम २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास पाचक स्रावांची न्यूनता संभवते आणि १०० पेक्षा कमी असल्यास ती तीव्र समजतात. मल द्रव असेल तर ही संख्या खोटी कमी येते, हे ध्यानात ठेवावे.

भारतातील विशेष प्रकार

या विषयाचा सर्वांत मोठा अध्याय आपल्या देशात लिहिला गेला आहे. १९५९ मध्ये झुइडेमा यांनी इंडोनेशियातील कुपोषित रुग्णांमध्ये स्वादुपिंडातील खडे आणि मधुमेह यांचे साहचर्य वर्णन केले. त्याच सुमारास केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीज यांनी अशा रुग्णांच्या नोंदी घेण्यास आरंभ केला आणि पुढील काळात जगातील सर्वांत मोठ्या रुग्णमालिकांपैकी एक सिद्ध केली. बालपणी वारंवार उदरशूल, तारुण्यात मधुमेह आणि ऐन उमेदीत मृत्यू असे त्या काळी या व्याधीचे चित्र होते. मद्यपानाचा संबंध नव्हता. रुग्ण गरीब व कृश असत आणि उदराच्या साध्या क्ष-किरण चित्रात कशेरुकांच्या दोन्ही बाजूंस खड्यांची माळ दिसे. यास 'ट्रॉपिकल कॅल्सिफिक पॅनक्रियाटायटिस' आणि त्यातून उद्भवणाऱ्या मधुमेहास 'फायब्रोकॅल्क्युलस पॅनक्रियाटिक डायबिटीस' असे नाव मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ च्या वर्गीकरणात त्यास कुपोषणजन्य मधुमेहाचा उपप्रकार मानले. १९९९ मध्ये कुपोषणजन्य हा वर्गच वगळून त्याची गणना स्वादुपिंडाच्या व्याधींत करण्यात आली. (२०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणजन्य मधुमेहास 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. तो स्वादुपिंडात खडे नसलेला, निराळा प्रकार आहे. दोहोंची गल्लत होऊ नये.)

हेतूविषयी बरेच मंथन झाले. केरळात कसावा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, हे गरिबांचे अन्न असल्याने त्यातील सायनाइडजनक द्रव्यांवर प्रथम संशय गेला. १९७९ मध्ये मॅकमिलन आणि गीवर्गीज यांनी ही उपपत्ती मांडली. परंतु जेथे कसावा कोणी खात नाही अशा प्रदेशांतही हे रुग्ण आढळतात आणि कसावा खाणाऱ्या आफ्रिकेतील अनेक प्रदेशांत ते विरळ आहेत. म्हणून ही उपपत्ती आज मागे पडली आहे. आपल्याकडे उपवासाचा साबुदाणा याच कंदापासून होत असल्याने रुग्ण कधी कधी धास्तावून विचारतात. साबुदाणा करताना कंद किसून, पाण्यात धुऊन केवळ पिष्ट वेगळे काढले जाते आणि विषारी द्रव्याचा बहुतांश त्यातच निघून जातो. मधुमेहीने साबुदाणा वर्ज्य करावा तो त्यातील पिष्टामुळे, सायनाइडच्या भीतीने नव्हे.

२००२ मध्ये हैदराबाद येथील संशोधकांनी 'स्पिंक-१' या जनुकातील दोषाचा या व्याधीशी दृढ संबंध दाखविला. या जनुकापासून निर्माण होणारे प्रथिन स्वादुपिंडातच अकाली जागृत होणाऱ्या ट्रिप्सिनला आवर घालते. ते दुर्बळ असल्यास पाचक स्राव स्वतःच्याच आशयाचे पचन करू लागतो. स्वाश्रयाचेच दहन करणारा अग्नी ही कल्पना आपणांस अपरिचित नाही, तथापि सुंदर साम्य दिसले म्हणून लगेच समीकरण मांडण्याचा मोह येथे आवरावा. जनुकदोष असलेले पुष्कळ लोक आजन्म निरोगी राहतात. सहज हेतूस अन्य हेतूंची जोड लागते, एवढेच यातून म्हणता येते.

महाराष्ट्राचाही या संशोधनात वाटा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांवर दीर्घकाळ काम केले. इन्सुलिनची गरज असूनही हे रुग्ण कीटोॲसिडोसिसमध्ये सहसा का जात नाहीत, या कोड्यावर त्यांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडे शिल्लक राहिलेले इन्सुलिन, क्षीण झालेला मेद आणि ग्लुकागॉनची न्यूनता ही त्याची कारणे मानली जातात. चिकित्सकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, शर्करा ४०० असताना हा रुग्ण चालत, बोलत बाह्यरुग्ण विभागात येऊ शकतो. तो बरा दिसतो म्हणून त्यास इन्सुलिनची गरज नाही असे मुळीच समजू नये.

काळानुसार व्याधीचे रूप पालटले आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात जीर्ण स्वादुपिंडशोथाच्या १,०८६ रुग्णांची नोंद झाली. त्यात सुमारे ६० टक्के रुग्णांत कारण सापडले नाही, तर सुमारे ३९ टक्क्यांत मद्यपान हे कारण होते. जुन्या व्याख्येत नेमके बसणारे रुग्ण ४ टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे अस्थिपंजर झालेला तरुण हे पाठ्यपुस्तकातील चित्र आता अपवादात्मक आहे. मध्यम बांध्याचा, चाळिशीतील, मद्य व तंबाखू या दोन्हींचे सेवन करणारा पुरुष हाही तितकाच संशयास्पद मानला पाहिजे.

किती रुग्ण ओळखले जातात?

जर्मनीतील गीसेन येथे एका रुग्णालयातील १,८६८ मधुमेहींची छाननी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ९.२ टक्के रुग्ण स्वादुपिंडजन्य गटात मोडत होते. त्यांपैकी सुमारे ७९ टक्क्यांत जीर्ण शोथ हे कारण होते. या रुग्णांतील जवळजवळ निम्म्यांवर आधी चुकीचा, प्रायः 'टाइप २' असा शिक्का बसला होता. ही रुग्णालयातील निवडक मंडळी होती, म्हणून समाजातील प्रमाण याहून कमी असणार. २०१७ मध्ये इंग्लंडमधील कुटुंबवैद्यांच्या नोंदींवर आधारित मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नव्याने निदान झालेल्या ३१,७८९ प्रौढ मधुमेहींपैकी ५५९ जणांना, म्हणजे १.८ टक्क्यांना, स्वादुपिंडाच्या व्याधीनंतर मधुमेह झाला होता. त्यांतील ८७.८ टक्के रुग्णांची नोंद 'टाइप २' अशीच होती. योग्य नाव केवळ २.७ टक्क्यांना मिळाले होते. पाच वर्षांच्या आत इन्सुलिनची गरज 'टाइप २' मधील सुमारे ४ टक्क्यांना, तर जीर्ण स्वादुपिंडशोथानंतरच्या सुमारे ४६ टक्के रुग्णांना लागली. नावातील चुकीचे मोल रुग्णाला द्यावे लागते ते असे.

तीव्र शोथाविषयी पूर्वी समजूत होती की, रुग्ण त्यातून वाचला की स्वादुपिंड पूर्ववत् होते. २०१४ मध्ये २४ अभ्यासांतील १,१०२ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण झाले. तीव्र शोथानंतर सुमारे २३ टक्के रुग्णांना मधुमेह झाल्याचे त्यात आढळले. पहिल्या वर्षाअखेर हे प्रमाण १५ टक्के होते आणि पाच वर्षांनी धोका आणखी वाढलेला होता. विशेष असे की, सौम्य झटका आलेल्यांनाही तो चुकलेला नव्हता. या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी अमेरिकेत 'ड्रीम' नावाचा बहुकेंद्रीय अभ्यास हाती घेण्यात आला आहे. जीर्ण शोथ व स्वादुपिंडजन्य मधुमेह यांसाठी तेथे २०१५ पासून स्वतंत्र संशोधनसंघ कार्यरत आहे. तात्पर्य, ज्या रुग्णास कधीही स्वादुपिंडाचा तीव्र शोथ होऊन गेला आहे त्याची शर्करा वर्षातून एकदा तरी तपासली पाहिजे.

शस्त्रकर्मानंतरचा मधुमेह कोणता भाग काढला यावर अवलंबून असतो. बीटा पेशींची बेटे पुच्छभागात अधिक दाट असतात, म्हणून पुच्छच्छेदनानंतर इन्सुलिनची उणीव ठळक होते. पॅनक्रियाटिक पॉलिपेप्टाइडच्या पेशी शीर्षभागात अधिक असतात. निरोगी माणसाचे अर्धे स्वादुपिंड काढल्यास काय होते, हेही पाहिले गेले आहे. मिनेसोटा येथे आप्तांना अर्धे स्वादुपिंड दान केलेल्या २८ निरोगी दात्यांची १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, एका वर्षात त्यांपैकी ७ जणांचा शर्करा-सहनशक्ती परीक्षेचा निष्कर्ष विकृत झाला. निरोगी अवयवाची ही स्थिती, तर शोथग्रस्त अवयवाची काय होईल याची कल्पना करावी.

याच विद्यापीठात १९७७ मध्ये डॉ. डेव्हिड सदरलँड यांच्या पथकाने एक विलक्षण उपाय प्रथम केला. असह्य शूलासाठी संपूर्ण स्वादुपिंड काढावयाचे, त्यातील बेटे प्रयोगशाळेत वेगळी करावयाची आणि प्रतिहारिणी सिरेतून त्याच रुग्णाच्या यकृतात सोडावयाची. बेटे यकृतात रुजतात व इन्सुलिन स्रवू लागतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०९ रुग्णांच्या वृत्तान्तात तीन वर्षांनंतर ३० टक्के रुग्ण इन्सुलिनविना राहिले होते. बालकांत हे प्रमाण ५५ टक्के होते. स्वतःचाच अंश स्वतःस परत दिल्यामुळे प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे लागत नाहीत.

संहितांच्या दृष्टीने

स्वादुपिंड किंवा अग्न्याशय ही नावे आधुनिक काळात रूढ झालेली आहेत. क्लोम म्हणजेच स्वादुपिंड असा एक पक्ष आहे. चरक व सुश्रुत दोघांनीही तालू व क्लोम यांना उदकवह स्रोतसांचे मूल मानले आहे आणि त्यांच्या दुष्टीत तृष्णा सांगितली आहे, हा त्या पक्षाचा मुख्य आधार. सुश्रुतांनी क्लोम हृदयाच्या दक्षिणेस यकृताजवळ सांगितले आहे, ही त्यास अडचण. पित्ताशय, श्वासनलिका अशीही मते मांडली गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते या वादाचा निकाल लागेपर्यंत रुग्णास थांबवून ठेवण्याचे कारण नाही. चिकित्सेसाठी लागणारे सूत्र संहितेत स्पष्ट आहे आणि ते अवयवाच्या नावावर अवलंबून नाही.

सुश्रुतांनी चिकित्सास्थानात सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रमेही सांगितले. पहिला कृश, रूक्ष, अल्प खाणारा व तृषार्त, तर दुसरा स्थूल, बहुभोजी व आसनप्रिय. चरकांनी बलवान स्थूल रुग्णास संशोधन आणि दुर्बल कृश रुग्णास बृंहण सांगितले. वाग्भटांनी मधुमेहाच्या दोन संप्राप्ती दिल्या : धातुक्षयाने कुपित झालेला वायू आणि दोषांनी आवृत झालेला वायू. स्वादुपिंडजन्य मधुमेह यांतील धातुक्षयजन्य संप्राप्तीशी जुळतो. मात्र येथे क्षयाच्या मुळाशी अग्नीच्या साधनांचाच नाश आहे. अन्न पोटात जाते, पण रसधातूच निर्माण होत नाही. म्हणून ग्रहणी, परिणामशूल आणि मधुमेह यांचा व्याधिसंकर मानून विचार केल्यास रुग्ण अधिक स्पष्ट दिसतो.

चिकित्सेतील विचार

व्यवहारात नेमकी उलट चिकित्सा होताना दिसते. आमच्याकडे आलेला एक तिशीतील शेतकरी सांगण्याजोगा आहे. वजन ४१ किलो, वयाच्या चौदाव्या वर्षापासून उदरशूल, चार वर्षांपासून मधुमेह. अन्यत्र त्यास इन्सुलिन बंद करण्यास सांगून लेखन द्रव्ये, उद्वर्तन, कडू रस आणि रात्रीचे लंघन असा क्रम दिला गेला होता. भात, तूप, दूध वर्ज्य. तीन महिन्यांत वजन सहा किलो घटले होते आणि शर्करा ३८० होती. सोनोग्राफीत स्वादुपिंडात खडे व विस्फारलेली नलिका दिसली. मधुमेहतज्ज्ञांच्या सहकार्याने इन्सुलिन पुन्हा सुरू झाले, प्रत्येक जेवणासोबत पाचक एन्झाइम दिले गेले आणि आहार वाढविला. सहा महिन्यांनी वजन ४८ किलो झाले. औषधांत आम्ही फार काही केले नाही. दीपन-पाचनाचे मृदू योग आणि शूलासाठी वातानुलोमन एवढेच. रुग्ण सुधारला तो मुख्यतः अन्न अंगी लागू लागल्यामुळे.

एन्झाइमविषयी दोन व्यावहारिक बाबी. प्रौढ रुग्णास मुख्य जेवणासोबत ४०,००० ते ५०,००० एकक लायपेज लागते, अल्पोपाहारास त्याच्या निम्मे. २५,००० एककांची एकच कॅप्सूल दिवसातून दोनदा, तीही जेवणानंतर तासाभराने, असा प्रयोग निष्फळ ठरतो. कॅप्सूल जेवताना, घासांसोबत घ्यावयाची असते. दुसरे असे की हे एन्झाइम वराहाच्या स्वादुपिंडापासून काढलेले असते. शाकाहारी व मुस्लिम रुग्णांस ही माहिती आधी द्यावी आणि त्यांचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. न सांगता देणे योग्य नव्हे. एन्झाइम सुरू होताच अन्नाचे शोषण वाढून शर्कराही वाढते, म्हणून त्या दिवसांत इन्सुलिनची मात्रा तज्ज्ञाने पुन्हा बसवावी लागते.

घृताचा प्रश्न आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कृश प्रमेहीस बृंहण म्हणून सिद्ध घृत द्यावे हे शास्त्रसंमत, परंतु लायपेजविना ते घृत पचत नाही. अतिसार वाढतो आणि त्यासोबत अ, ड, ई व के ही स्नेहात विरघळणारी जीवनसत्त्वेही बाहेर जातात. पुढे अस्थिसौषिर्य येते. म्हणून एन्झाइमच्या जोडीने, अल्प मात्रेत, जेवणातच विभागून स्नेह द्यावा. दुसरीकडे, स्निग्ध पदार्थ पूर्ण तोडून टाकण्याचा सल्लाही चुकीचा आहे. त्याने कार्श्य वाढते. पूर्ण मात्रेतील शोधनपूर्व स्नेहपान, वमन व तीक्ष्ण विरेचन या रुग्णांत टाळावे. इन्सुलिन चालू असताना लंघन किंवा विरेचन दिल्यास शर्करा कोसळण्याचा धोका आहे आणि तो सावरणारे ग्लुकागॉन या शरीरात नाही. कारले, मेथी, गुडमार यांचे योग इन्सुलिनसोबत देताना हाच विचार करावा. रुग्णाच्या खिशात साखर असावी आणि घाम, कंप, भ्रम ही लक्षणे घरच्यांनाही माहीत असावीत.

आधुनिक औषधांपैकी मेटफॉर्मिन सौम्य अवस्थेत देतात, पण कृश रुग्णात भूक व वजन घटविण्याचा त्याचा गुण दोष ठरतो. पूर्वी स्वादुपिंडशोथ झालेल्यास इन्क्रेटिन गटातील औषधे सामान्यतः टाळतात. मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकणारी ग्लिफ्लोझिन औषधे इन्सुलिनची उणीव असलेल्या रुग्णास कीटोॲसिडोसिसकडे नेऊ शकतात. रुग्ण अन्यत्र काय घेतो हे वैद्याने विचारलेच पाहिजे.

शूलासाठी ॲन्टिऑक्सिडंट द्रव्यांचा उपयोग तपासला गेला आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १२७ रुग्णांवर सहा महिने झालेल्या परीक्षणात सेलेनियम, क व ई जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटीन आणि मेथिओनिन यांच्या योगाने शूलाचे दिवस घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१२ मधील मँचेस्टरच्या ७० रुग्णांच्या परीक्षणात मात्र लाभ दिसला नाही. दिल्लीचे रुग्ण तरुण व कुपोषित, तर मँचेस्टरचे बहुतांशी मद्यपी व धूम्रपान करणारे होते, असा खुलासा केला जातो. आमलकी किंवा गुडूची म्हणजे ॲन्टिऑक्सिडंट, म्हणून त्या येथे सिद्ध झाल्या, असा तर्क यावरून करता येणार नाही. तसे परीक्षण करण्याजोगे आहे, आणि आपल्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी स्थूल प्रमेहींवरील शंभरावा प्रबंध लिहिण्याऐवजी याकडे वळावे असे सुचवावेसे वाटते. ताम्र, पारद व गंधकयुक्त रसकल्पांनी स्वादुपिंडशोथाचे झटके थांबल्याचे वृत्तान्तही प्रसिद्ध आहेत. ते निरीक्षणात्मक आहेत. मधुमेहीचे वृक्क आधीच धोक्यात असतात, म्हणून वृक्कपरीक्षा व सिद्ध निर्मितिप्रक्रिया यांविना असे कल्प देऊ नयेत. मद्य आणि तंबाखू या दोहोंचा पूर्ण त्याग मात्र निर्विवाद आहे. तंबाखूचा धूर मद्याइतकाच स्वादुपिंडास मारक आहे, हे रुग्णास स्वतंत्रपणे सांगावे लागते.

उपद्रवांविषयी एक जुना समज सोडून द्यावा लागेल. या मधुमेहात नेत्र, वृक्क व नाड्या सुरक्षित राहतात असे पूर्वी मानत. तसे नाही. रुग्ण जितका अधिक काळ जगतो तितके दृष्टिपटल व वृक्क यांचे विकार त्यास इतर मधुमेहींप्रमाणेच होतात. हृद्रोग तुलनेने कमी आढळतो.

अर्बुदाची शंका

मधुमेह हा स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा परिणामही असू शकतो आणि कधी कधी त्याचे पहिले लक्षणही. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या २,१२२ जणांच्या पाहणीत १८ जणांना तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कर्करोग आढळला. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरात एकाहूनही कमी, म्हणून प्रत्येक नव्या मधुमेहीचे सी. टी. स्कॅन करणे युक्त नाही. परंतु साध्या 'टाइप २' चा रुग्ण मधुमेह होण्याआधी बहुधा वजनाने वाढत असतो, तर अर्बुदाच्या रुग्णात मधुमेह प्रकट होतानाच वजन घटत जाते. पन्नाशी ओलांडलेला, घराण्यात मधुमेह नसलेला, कारणाविना कृश होत चाललेला, अन्नद्वेष व पाठीत जाणारी वेदना सांगणारा रुग्ण, किंवा दीर्घकाळ ताब्यात असलेला मधुमेह अचानक बिघडलेला रुग्ण समोर आला, तर प्रमेहाचे औषध देण्यापूर्वी स्वादुपिंडाची प्रतिमा-परीक्षा करून घ्यावी. कामला दिसू लागण्याची वाट पाहू नये. जीर्ण स्वादुपिंडशोथाच्या, विशेषतः खडे असलेल्या रुग्णांत हा धोका सामान्य माणसाहून कित्येक पटींनी अधिक असतो. वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या अशा रुग्णाचा शूल स्वरूप बदलून सतत राहू लागला, तर त्यास त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे पाठवावे.